शेवटचा हात

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘डागडुजी’ हा विषय मुक्रर केला, तेव्हा ढासळलेले बुरूज, गळकी कौले आणि वाड्यांच्या सागवानी तुळया यांवर लिहिणारी मंडळी लेखण्या सरसावून बसणार हे उघड होते. म्हणून मी आपला मोर्चा वसईकडे वळवला. तेथल्या एका वाडीत, केळीच्या बागेकडे तोंड केलेल्या बैठ्या घराच्या ओसरीवर, एक निवृत्त कारागीर कित्येक वर्षे विजेवर वाजणाऱ्या गिटारी दुरुस्त करत आला आहे, असे एका वादक स्नेह्याकडून कळले होते. उमेदीचा काळ त्यांनी एका कारखान्याच्या टूल-रूममध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाचा हिशेब ठेवण्यात घालवला आणि लग्नसराईत बँडमधून गिटार वाजवली. या दोन्ही विद्या आता त्या ओसरीवर एकत्र नांदतात. वसईच्या ख्रिस्ती समाजात लग्नाचे बँड आणि चर्चमधले गायनवृंद यांची परंपरा असल्याने वाद्य हाताळणारी माणसे तेथे पुष्कळ. तथापि अलीकडे ओसरीवर येणाऱ्यांत नालासोपारा-विरारकडची कॉलेजातली मुलेच अधिक दिसतात. सगळी त्यांना ‘अंकल’ म्हणतात, सबब या लेखातही तेच नाव चालेल.

मृग लागायच्या थोडे आधी मी तेथे बसलो असताना एक मुलगा पाठीवर काळी पिशवी लटकवून आला. पिशवीतून निघाली ती स्क्वायर नावाची, स्ट्रॅटोकास्टर घाटाची, कडेला काळी आणि मध्ये मधाच्या रंगाची गिटार. शिक्षण संपवून गावी परतणाऱ्या नागपूरच्या एका विद्यार्थ्याकडून त्याने ती नवीच्या निम्म्याहून कमी किमतीत घेतली होती, आणि महिना उलटायच्या आत त्याचा उत्साह तक्रारींच्या यादीत रूपांतरित झाला होता: पहिल्या दोन घरांत तारा दाबताना बोटे दुखतात, मधल्या काही जागी स्वर फुटतो, वर गेले की वाद्य बेसूर होते, आणि ॲम्प्लिफायरला जोडले की वाजवण्यापूर्वीच घुंऽऽ असा आवाज सुरू होतो.

“वाजवून दाखवू का, अंकल?”

“नको रे. आधी बघू दे मला.”

आणि त्यांनी ती गिटार उचलून, डोक्याकडचा भाग डोळ्याशी धरून, नेकच्या, म्हणजे मानेच्या, कडेवरून बागेतल्या उजेडाकडे नजर लावली.

चार स्क्रूंवरचे वाद्य

त्या नजरेला काय दिसले हे सांगण्याआधी हे वाद्य कोणाच्या बुद्धीतून निघाले हे सांगितले पाहिजे. कारण त्याची डागडुजी सोपी का, याचे उत्तर त्यातच आहे. कॅलिफोर्नियातील फुलरटन या गावी लिओ फेंडर नावाचा एक रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ होता. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे. परंतु बिघडलेली वस्तू उघडून तिचा एकच भाग बदलण्याची सवय हाडीमासी खिळलेली असल्याने त्याने वाद्याचाही विचार यंत्रासारखाच केला. व्हायोलिन किंवा पोकळ गिटार यांची मान सरसाने धडात कायमची बसवलेली असते, आणि ती उकलणे म्हणजे अर्धे वाद्य मोडणे. फेंडरने 1950 च्या सुमारास भरीव लाकडाचे धड आणि त्याला चार स्क्रूंनी आवळलेली स्वतंत्र नेक अशी रचना बाजारात आणली, आणि 1954 साली तिचे अधिक डौलदार रूप, म्हणजे स्ट्रॅटोकास्टर, सिद्ध केले. स्क्रू सोडवले की नेक हातात येते. वरची प्लास्टिकची पाटी काढली की विजेचा सारा संसार तिला चिकटून बाहेर येतो.

जी वस्तू सुटे भाग जोडून होते, ती स्वस्तातही होते. हा कारखानदारीचा नियमच आहे. फेंडर कंपनीने 1982 मध्ये स्क्वायर या नावाखाली जपानात कमी किमतीच्या गिटारी करून घेण्यास आरंभ केला, आणि पुढे हे काम कोरिया, चीन, इंडोनेशिया असे स्वस्त मजुरीचा माग काढत फिरले. 1990 च्या आगेमागे अल्पकाळ ते भारतातही झाले. आपल्याकडे मात्र आयातीवरील निर्बंधांमुळे त्या आधीच्या पिढीस परदेशी गिटार ही बोटीवरच्या खलाशाकडून किंवा परतणाऱ्या नातेवाइकाकडूनच मिळण्याची चीज होती. ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या 1970 आणि 1971 सालच्या ध्वनिमुद्रिकांवर ज्यांचे वादन ऐकू येते, त्या होतकरू मुलांपैकी अनेकांनी सुताराकडून धड कापून घेऊन आणि रेडिओवाल्याकडून विजेचे जोडकाम करवून घेऊन आपली हौस भागवली; ज्यांना तेही जमले नाही त्यांच्यासाठी कलकत्त्याची गिव्हसन होती. ‘दम मारो दम’ या 1971 च्या गाण्यातील भूपिंदर सिंग यांची गिटार ऐकून घराघरांतल्या मुलांच्या मनात जी आकांक्षा उत्पन्न झाली असेल, तिच्या आणि त्या वाद्याच्या मध्ये जकात खाते उभे होते. आजच्या मुलापुढे ती अडचण नाही. वापरलेली परंतु सुस्थितीतील गिटार त्याला महिन्याच्या शिकवणीच्या पैशांत मिळू शकते.

आणखी एक गोष्ट, जी त्या मुलास ठाऊक नव्हती आणि ऐकून तो जरा चपापला. या गिटारीच्या नेकवर, जिथे बोटे फिरतात तिथे, गडद तपकिरी लाकडाची पट्टी असते. ती पूर्वी शिसवाची असे. शिसवाच्या अख्ख्या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2017 च्या आरंभी परवान्याचे निर्बंध आले. तयार वाद्यांना त्यातून 2019 मध्ये सूट मिळाली खरी, पण तोवर स्वस्त गिटारींचे कारखाने ‘इंडियन लॉरेल’ या व्यापारी नावाच्या लाकडाकडे वळले होते. हा लॉरेल म्हणजे आपला ऐन. ज्याच्या अंगावरच्या खवल्यांसारख्या भेगांमुळे सह्याद्रीतला वाटाड्या त्यास लांबूनच ओळखतो, ज्याचे खांब कोकणातल्या घरांना लागतात आणि ज्याच्या पाल्यावर विदर्भात टसरचे किडे पोसतात, त्याच जातीच्या झाडाची पट्टी आता जगभरच्या शिकाऊ वादकांच्या बोटांखाली आहे.

किफायत कुठे केली जाते

स्वस्त गिटारीविषयी सर्वसाधारण समजूत अशी की, तिचे लाकूड हलके, लोखंड कच्चे आणि विजेचे भाग टाकाऊ असतात, म्हणून ती स्वस्त. यात तथ्य आहे, पण थोडे. गणकयंत्राच्या हुकमतीखाली चालणारी कापणीची यंत्रे आली तेव्हापासून अचूकपणा ही महाग वस्तू राहिलेली नाही. स्ट्रॅटोकास्टरच्या तारेची कंप पावणारी लांबी 648 मिलिमीटर. तीवर प्रत्येक पडदा, म्हणजे नेकवरची आडवी धातुपट्टी, उरलेल्या लांबीचा सुमारे 17.8 वा भाग सोडून बसवायचा. म्हणजे पहिला पडदा 36.4 मिलिमीटरांवर, मग अंतरे आकसत जाऊन अकराव्या आणि बाराव्या पडद्यांमध्ये 19 मिलिमीटर उरतात आणि बारावा नेमका अर्ध्यावर, 324 मिलिमीटरांवर पडतो. हे खोबणीचे काम दोन लाखांच्या गिटारीचे यंत्र करते तितक्याच बिनचूकपणे पंधरा हजारांच्या गिटारीचेही करते.

यंत्र जिथे संपते तिथून पुढची गोष्ट वेगळी आहे. खोबणीत ठोकलेले एकवीस-बावीस पडदे एका पातळीत आणणे, त्यांची टोके बोटाला लागणार नाहीत अशी गोल करणे, तारा ज्या खाचांतून डोक्याकडे जातात त्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे आणि केसभर कमी-जास्त न होता खोल करणे, ही कामे आजही बहुतांशी डोळा आणि बोट यांचीच आहेत. त्यांस वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे मजुरी. कारखानदार जेव्हा किंमत उतरवतो तेव्हा कात्री प्रथम इथे लागते. माझ्या मते स्वस्त गिटार ही बहुधा अपुरी ठेवलेली चांगली गिटार असते: शेवटचा हात फिरायचा राहून गेलेला असतो, आणि तो नंतर कोणीही, कोठेही फिरवू शकतो. अंकलची सारी ओसरी या एका गोष्टीवर चालते.

मानेचा बाक

अंकलच्या नजरेला दिसले ते असे की, नेक पुढच्या बाजूस, तारांच्या ओढीने, वाजवीपेक्षा अधिक वाकली होती. ही ओढ सामान्य नव्हे. बारीक जातीच्या सहा तारा स्वरात आवळल्या म्हणजे त्यांचा एकत्रित ताण सुमारे 38 किलो होतो. त्याहून एक पायरी जाड तारांचा 46 किलोंच्या घरात जातो. एवढे ओझे रात्रंदिवस सोसणारी मेपल लाकडाची पातळ मान सरळ राहावी म्हणून तिच्या पोटात एक पोलादी सळई घातलेली असते. गिब्सन कंपनीतील थॅडियस मॅकह्यू याने 1921 मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, आणि तेव्हापासून ‘ट्रस रॉड’ हा शब्द गिटारवाल्यांच्या तोंडी बसला आहे. डोक्याकडच्या भोकातून ॲलन की घालून रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने आवळला की सळई तारांच्या उलट ओढते आणि बाक कमी होतो. सैल केला की वाढतो.

बाक मुळीच नसावा असे मात्र नाही. छेडलेली तार मधोमध सर्वांत रुंद हेलकावते, म्हणून तिच्याखाली मध्यावर किंचित पोकळी लागते. अंकलनी पहिल्या पडद्यावर तारा दाबून धरणारा चिमटा, म्हणजे कॅपो, चढवला, सहावी तार धडाजवळच्या शेवटच्या टोकाशी दाबली, आणि आठव्या पडद्यावर तार व धातू यांच्या मधल्या फटीत टूल-रूममधून सोबत आणलेल्या फीलर गेजची पाती एकामागून एक सरकवून पाहिली. जिथे पाव मिलिमीटर असावयास पाहिजे तिथे पाऊण मिलिमीटराच्या आसपास भरले. मुलाच्या तारा उंच का वाटत होत्या, यातला निम्मा उलगडा तिथेच झाला.

त्यांनी तारा ढिल्या केल्या, 4 मिलिमीटरची की घालून नट पाव फेरा आवळला, तारा पुन्हा स्वरात आणल्या, माप घेतले, आणखी पाव फेरा दिला, आणि गिटार भिंतीला टेकवून चहा मागवला. मुलगा अस्वस्थ झाला.

“झालं का?”

“लाकूड आहे ते. आज सांगितलं तर उद्या ऐकतं. ठेवून जा.”

या कामात त्यांचा एकच दंडक आहे, आणि तो त्यांनी मला दोनदा ऐकवला: नट फिरत नसेल तर थांबावे. जोर केला की नट तुटून कीबरोबर बाहेर येतो आणि सळई आतच राहते. मग त्या गिटारीस नवी नेक बसवण्यावाचून गत्यंतर नाही. घरी आंतरजालावरची चित्रफीत पाहून पाना चालवलेल्या आणि अशा रीतीने निकालात निघालेल्या तीन-चार नेक त्यांनी ओसरीच्या वाशाला टांगून ठेवल्या आहेत, येणाऱ्यास वेगळे प्रवचन द्यावे लागू नये म्हणून.

किनारपट्टीवर हे काम वर्षातून एकदा करून भागत नाही. लाकूड हवेतले पाणी पिते आणि सोडते. जूनमध्ये बसवलेला बाक ऑक्टोबरात तोच राहील याची हमी कोणी देऊ शकत नाही. अंकल एका चोपडीत प्रत्येक गिटारीपुढे तारीख, हवा आणि बाकाचे माप लिहून ठेवतात. त्या नोंदी चाळताना एक मौज लक्षात आली: दमट वसईतल्या गिटारींची मापे पावसाळ्यापूर्वी आणि नंतर थोडीफार हलतात, पण विदर्भ-मराठवाड्याकडून आलेल्या गिटारी पहिल्याच पावसाळ्यात सर्वांत जास्त उलथापालथ करतात.

शाई, कानस आणि फेविक्विक

दुसऱ्या खेपेस मी गेलो तेव्हा ती नागपूरची गिटार टेबलावर उताणी पडलेली होती. तारा काढलेल्या, नेकखाली वाळूची उशी, पडद्यांच्या मधल्या लाकडावर मास्किंग टेप चिकटवलेली, आणि तारांचा आवाज पकडणाऱ्या पिकअपवरही टेपचे दोन थर. पिकअपच्या पोटात लोहचुंबक असतात. पुढे पोलादी लोकरीने पडदे घासायचे असल्याने तिचे बारीक कण त्यांना चिकटले तर ते जन्मात निघत नाहीत, हे त्याचे कारण.

पडदे जर्मन सिल्व्हरच्या, म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या तारेचे असतात. उन्हाळ्यात नागपुरास लाकूड आटले, धातू आटत नाही; त्यामुळे पडद्यांची टोके नेकच्या कडेबाहेर डोकावू लागली होती आणि हात वरखाली नेताना करवतीवरून गेल्यासारखे वाटे. अंकल म्हणाले, बरे झाले पावसाआधी आणलीस. पावसाळ्यात लाकूड फुगून टोके आत जातात, तेव्हा घासली तर पुढच्या मे महिन्यात पुन्हा बाहेर येतील. सपाट कानस लाकडी ठोकळ्यात तिरकी बसवून त्यांनी दोन्ही कडांवरून एका दमात फिरवली, आणि मग प्रत्येक टोक स्वतंत्रपणे, छोट्या कानशीने, बोटाच्या पेराने चाचपत गोल केले. या कामास जवळजवळ अख्खी दुपार गेली, आणि सबंध दुरुस्तीत पाहण्यासारखे जर काही असेल तर ते हेच होते. कारण डोळ्यांना तिथे काहीच दिसत नव्हते, निवाडा सगळा स्पर्शाचा.

मग फुटणाऱ्या स्वरांचा शोध सुरू झाला. पोलादी पट्टीचा एक आखूड तुकडा तीन पडद्यांवर एकदम टेकवायचा. तो डुलला तर मधला पडदा उंच. तो नवव्यावर डुलला. अंकलनी पितळी तोंडाच्या हातोडीने टकटक करून पाहिले, आणि एका बाजूने पोकळ आवाज आला: पडदा उंच नव्हता, खोबणीतून सुटून वर आला होता. अशा ठिकाणी घासणे म्हणजे निरोगी धातू फुकट घालवणे. त्यांनी पडद्याखाली सुईच्या टोकाने फेविक्विकचा थेंब सोडला, ठोकून खाली बसवला, आणि लाकडाचा गुटका वर ठेवून क्लॅम्पने आवळला. त्यानंतरच उरलेल्या पडद्यांच्या माथ्यांवर काळ्या मार्करची शाई फासून, पॉलिश पेपर चिकटवलेला पोलादी गज नेकच्या लांबीने हलक्या हाताने फिरवला. जिथली शाई निघाली ते उंच, जिथली राहिली ते सखल. सगळीकडची शाई पुसली गेली की पातळी आली. पण गजाने माथे चपटे होतात, आणि चपट्या माथ्यावर तार नेमकी कोठे टेकते याचा ठावठिकाणा राहत नाही. म्हणून कडा बोथट केलेल्या तिकोनी कानशीने प्रत्येक पडद्यास पुन्हा घुमटाचा आकार द्यायचा, मग बारीक आणि अतिबारीक पॉलिश पेपर, मग लोकर. शेवटी टेप काढून ऐनाच्या त्या कोरड्या पट्टीवर खनिज तेलाचे चार थेंब चोळले, तेव्हा तिचा मूळचा रंग वर आला.

मिरजेचा दाखला

राहिली बोटे दुखण्याची तक्रार. तिचे मूळ बाकाखेरीज ‘नट’मध्ये, म्हणजे डोक्याजवळच्या खाचा असलेल्या पट्टीत होते. कारखान्यात या खाचा मुद्दाम उथळ ठेवतात. कारण उथळ खाच नंतर खोल करता येते, खोल झालेली उथळ करता येत नाही. परिणाम असा की, पहिल्या पडद्यावर तार बरीच खाली दाबावी लागते, आणि दाबताना ताणली जाऊन स्वर चढतो. मोकळ्या तारा सुरात असूनही साधी सुरावट बेसूर लागते आणि नवशिका बिचारा दोष आपल्या कानाला देतो. कसोटी सोपी आहे: तार तिसऱ्या पडद्यावर दाबून पहिल्यावर पाहावे, तिथे कागदाइतकी फट राहिली पाहिजे, अधिक नको. अंकलनी प्लास्टिकची पट्टी ठोकून काढली आणि हाडाची घडवली. प्रत्येक खाच तारेच्या जाडीच्या कानशीने, डोक्याकडे उतरती अशी, कापत गेले. शेवटी तीत शिसपेन्सिल घासली, म्हणजे तार अडकत नाही.

हे पाहताना मिरज आठवल्यावाचून राहत नाही. सतारमेकर गल्लीतली, मूळची शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांची घराणी पंढरपूरकडच्या भोपळ्यांपासून तंबोरे-सतारी करत आली. मिरजेच्या या दोन्ही वाद्यांस 2024 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथे घोडीचा माथा कानशीने केसभर उतरवत तारेखाली तो कसा निसटता झुकतो यावर जवारी, म्हणजे स्वराची झणझण, लागते. एके काळी यासाठी सांबरशिंग वापरत. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ते बंद होऊन आता उंटाचे हाड किंवा कृत्रिम पदार्थ चालतात. दोन्ही ठिकाणी कसब एकच, उद्दिष्ट मात्र विरुद्ध: मिरजेचा कारागीर तार घोडीवर निसटती झणझणावी म्हणून घासतो, वसईचा ती कुठेही झणझणू नये म्हणून. अंकल मिरजेस जाऊन आले आहेत. “त्यांचा हात बघितला आणि आपण शिकाऊ आहोत ते कळलं,” एवढेच ते म्हणाले.

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, सरकवता येणारे. राग बदलला की वादक कोमल-तीव्राप्रमाणे ते हलवतो. गिटारीचे पडदे ठोकलेले, आणि त्यांची विभागणी बारा समान अंशांची. त्यात षड्ज सोडल्यास काहीच निखळ शुद्ध नसते, सारा तडजोडीचा मामला असतो. ही तडजोड निदान प्रामाणिक व्हावी म्हणून ब्रिजवर, म्हणजे गिटारीच्या घोडीवर, प्रत्येक तारेसाठी पुढेमागे सरकणारे ‘सॅडल’ असते. बाराव्या पडद्यावर तारेस नुसते बोट टेकवून निघणारा स्वर आणि तीच तार तेथेच दाबून निघणारा स्वर एक यावेत. दाबलेला चढला तर सॅडल मागे न्यावे, उतरला तर पुढे. हे काम नव्या तारा चढवल्यानंतरच करायचे, कारण गंजलेली तार स्वतःच्या लांबीत सारखी नसते. उंचीही तेथेच ठरते: बाराव्या पडद्यावर जाड तारेखाली सुमारे 2 मिलिमीटर, बारीक तारेखाली दीड. मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा आवळून अंकलनी ब्रिज धडावर टेकवून टाकला. दांडी हलवून स्वर कापवण्याची सोय त्यामुळे निम्मी गेली. स्वस्त गिटारीत ती सोय हवी म्हणणाऱ्याने सुरांची आशा सोडावी, असे त्यांचे मत आहे आणि मला ते मान्य आहे.

गुणगुण आणि अर्थिंग

घुंऽऽ आवाजाची कथा निराळी. स्ट्रॅटोकास्टरच्या प्रत्येक पिकअपमध्ये चुंबकांभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे असतात. पोलादी तार हलली की त्यांत वीज उत्पन्न होते. मात्र ते वेढे तारेचाच आवाज पकडतात असे नाही; ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, भिंतीतली वीज, जे जे सेकंदाला 50 आवर्तने करते ते सगळे त्यांत शिरते. अंकलनी पाटी काढून आतल्या पोकळीस तांब्याची चिकटपट्टी लावली आणि ती अर्थच्या तारेस डाखली. आवाज कमी झाला, नाहीसा झाला नाही. या जातीच्या पिकअपचा तो स्वभाव आहे. पाच खटक्यांच्या स्विचची दुसरी आणि चौथी जागा लावून त्यांनी मुलास ऐकवली, तेव्हा गुणगुण एकाएकी बंद झाली: मधले पिकअप उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकांचे असल्याने जोडीत वाजवताना दोघांची गुणगुण परस्परांस छेदते. महिनाभर गिटार बाळगून मुलाला हे ठाऊक नव्हते.

खरखरणाऱ्या व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनर फवारला, जॅकची सुटत आलेली तार नव्याने डाखली. हे सारे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे भडकमकर मार्गावर, किरकोळ पैशांत मिळते.

एका बाबतीत मात्र अंकल करारी होतात. गिटारीच्या तारा ब्रिजमार्गे अर्थला जोडलेल्या असतात, त्यामुळे वादकाचे शरीरही त्या मंडलात येते. घरातल्या प्लगाचे तिसरे भोक नुसते शोभेचे असेल, आणि ॲम्प्लिफायर किंवा माइक यांत दोष असेल, तर तार आणि माइक यांस एकदम स्पर्श करणे प्राणावर बेतू शकते. ‘स्टोन द क्रोज’ या बँडचा गिटारवादक लेस हार्वे 1972 मध्ये वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून असाच गेला. “आधी घरचा वायरमन, मग मी,” असे सांगून त्यांनी मुलास टेस्टर कसा धरायचा तेही दाखवले.

पिकअप बदलू का, हा मुलाचा शेवटचा प्रश्न होता, आणि तो प्रत्येकाचा पहिला असतो. अंकलनी स्क्रूने पिकअप थोडे खाली घेतले. चुंबक तारेच्या फार जवळ आले की तिला ओढतात आणि स्वर डुलू लागतो. वर्तमान तक्रारीचा तेवढाच भाग पिकअपशी संबंधित होता. नव्या तारा, हाडाचा नट आणि मजुरी मिळून जो खर्च आला, तो नामांकित कंपनीच्या तीन पिकअपांच्या किमतीच्या चौथाईतही बसला. पडदे वेडेवाकडे ठेवून महाग पिकअप बसवणाऱ्यास त्याच फुटक्या स्वरांची अधिक स्पष्ट आवृत्ती तेवढी ऐकू येते.

पैसे मोजण्यापूर्वी

वाचकांपैकी कोणी घरातल्या मुलासाठी वापरलेली गिटार पाहावयास जाणार असेल, तर त्याने रंग, ओरखडे, डबी किंवा खरखरणारे बटण यांकडे पाहून किंमत पाडून घ्यावी, पण त्यांपायी सौदा सोडू नये. हे सारे दुरुस्त होते. पडद्यांवर तारांचे खोल चर पडले आहेत का ते पाहावे, कारण फार खोल असतील तर पडदेच नवे बसवावे लागतात आणि त्या खर्चात दुसरी गिटार येते. नेक डोळ्याशी धरून दोन्ही कडा समांतर जातात की एक कड दुसरीपासून वळते ते नीट पाहावे. बाक निघतो, पीळ निघत नाही. विकणाऱ्याची परवानगी घेऊन ॲलन की सोबत न्यावी आणि ट्रस रॉडचा नट अल्पसा सैल करून, परत होता तिथे आणून पाहावा. तो हलत नसेल, किंवा विकणारा हात लावू देत नसेल, तर ती गिटार किती का स्वस्त असेना, घेऊ नये.